गुडघ्याएवढा बुरूज

काकांच्या बुरुजात शिरताना डोकं वाकवावं लागे. बुरूज गुडघ्याएवढा होता.

हे मी आजवर बऱ्याच जणांना सांगितलं आहे आणि प्रत्येकाने मला मध्येच थांबवून विचारलं आहे की नेमकं काय गुडघ्याएवढं होतं. भिंती. चारही बाजूंनी दगडी भिंती, एक कोपरा ढासळलेला, दक्षिणेला दाराची मोकळी जागा. दाराला चौकट नाही, वर तुळई नाही. वर होतं ते आकाश आणि न्यूझीलंडमधल्या जॉन्सनव्हिलचा वारा. तरीही काका त्या जागेतून जाताना मान खाली घालत. मला आधी वाटलं, मानेचं दुखणं असेल. विचारलं तर म्हणाले, "दाराची उंची किती होती ते माहीत नाही. माहीत नसताना वाकलेलं बरं."

भिंत ओलांडून कोणी आत पाऊल टाकलं की मात्र ते खवळत. गवत कापायला येणारा माणूस एकदा मशीन उचलून सरळ भिंतीवरून आत गेला, तर काकांनी त्याला बाहेर काढलं, वळसा घालून दारापाशी नेलं आणि पुन्हा आत घेतलं. "भिंतीतून काय येतोस? चोर आहेस का?" हे त्यांनी इंग्रजीत सांगितलं, त्यामुळे जास्तच विचित्र वाटलं. पुढच्या वेळेपासून तो माणूस दारातून यायला लागला. वाकूनसुद्धा.

काका माझे घरमालक. मी शिकायला आले तेव्हा त्यांच्या घराची खालची खोली भाड्याने घेतली आणि नोकरी लागल्यावरही तिथेच राहिले. मूळचे मिरजेचे, सगळं आयुष्य इथल्या हॉस्पिटलात फार्मासिस्ट म्हणून गेलेलं, आता निवृत्त. काकू वृद्धांच्या रेस्ट होममध्ये नर्स, अजून कामावर. घरामागे उतारावर जी जागा होती तिच्यात काकांनी स्वतःच्या हातांनी एका रोमन टेहळणी बुरुजाचे अवशेष बांधले होते. बुरूज नव्हे, अवशेष. आणि पूर्ण मापाचे. त्यामुळे बागेत बुरूज होता असं म्हणता येत नसे. बुरुजाभोवती थोडी बाग उरली होती. कपडे वाळत घालायच्या दोरीला काकूंनी शेवटी गराजच्या भिंतीला जागा शोधली.

माझ्याबद्दल एवढंच सांगते की इचलकरंजीला आमच्या घरी पाहुण्याला आधी पत्रक मिळे, मग पाणी. वडील यंत्रमाग कामगारांच्या युनियनचे. चौथीत असताना मी पत्रकांच्या घड्या घालत घालत 'साम्राज्यवाद' हा शब्द लिहायला शिकले. अशी मी, पहिल्याच आठवड्यात काकांनी मला बुरुजात चहाला बोलावलं तेव्हा दारातच उभी राहिले.

"काका, ही साम्राज्याची चौकी आहे. दुसऱ्यांच्या जमिनीवर रेघ मारून तिच्यावर पहारा करायची जागा. मी इथे बसून चहा घेणार नाही."

काकांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. "साम्राज्य गेलं," ते म्हणाले. "चहा आहे."

"आणि ही जमीन कोणाची होती, ते तरी ठाऊक आहे का?"

"आपली नव्हती एवढं ठाऊक आहे. रोमनांचीही नव्हती. ये, दारातून ये."

मी गेले. आत दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या. एकीचा पाय मोडका होता, तिच्याखाली दगड.

"आणि इथे पहारा करणारा शिपाई रोमचा नसायचाच बहुतेक," काका सांगू लागले. "कुठल्या तरी लांबच्या मुलखातला. नोकरीसाठी आलेला. इथे गारठा, पाऊस, आणि समोर नुसतं गवत."

"म्हणजे आपल्यासारखा?"

"वर्क व्हिसा," काका म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव पत्रकवाली ठेवलं.

हे खूळ लागलं ते एका बस टूरमध्ये. काका-काकू इंग्लंडला गेले होते, आपल्याच लोकांची सहल, बसमध्ये भेळ आणि अंताक्षरी. उत्तरेला, रोमनांची जुनी सरहद्द होती त्या भागात, कोणाला तरी बाथरूमला जायचं म्हणून बस थांबली. शेजारच्या कुरणात चार भिंतींचे खुंट आणि एक पाटी. सगळे उतरले, "एवढंच?" म्हणाले आणि परत जाऊन बसले. बस सुटली, अंताक्षरी सुरू झाली, 'म' आला, तेव्हा काकूंच्या लक्षात आलं की शेजारची सीट रिकामी आहे. बस परत वळवली तर हे त्या भिंतींच्या मध्ये उभे, समोरच्या रिकाम्या डोंगराकडे बघत.

"मला विचारलं, काय बघताय," काकू सांगायच्या. "म्हणतात कसे, कोणी येतंय का ते. अहो, बस आली होती! पंचेचाळीस माणसांची! ती नाही दिसली!"

त्याच टूरमध्ये पुढे कुठेतरी एक बुरूज नव्याने उभा केलेला पाहायला मिळाला. लाकडी सज्जा, कौलारू छप्पर, आत पुतळा. सगळी बस खूश, फोटोच फोटो. काका आत गेलेच नाहीत. "वरचं सगळं अंदाजाने केलंय," ते आजही चिडून सांगत. "गोळी काय आहे ते माहीत नसताना बाटलीवर लेबल लावल्यासारखं आहे ते!"

आता हे लक्षात घ्यायला हवं की या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या अक्षरातली औषधं बिनचूक मोजून दिली. न कळून चालेल अशी एकही गोष्ट त्यांच्या टेबलावर आली नाही. निवृत्त झाल्यावर त्यांना 'माहीत नाही' म्हणायची मुभा मिळाली आणि ती त्यांनी दोन्ही हातांनी लुटली. बुरूज किती उंच होता? "माहीत नाही!" वर काय होतं? "माहीत नाही!" एखाद्याला लॉटरी लागल्यावर तो जसं ओरडेल तसं.

दक्षिणेच्या दारावरून काकूंशी त्यांचं भांडण इतकं जुनं होतं की दोघांना एकमेकांची वाक्यं पाठ होती. इंग्लंडमध्ये दार दक्षिणेला, म्हणून इथेही दक्षिणेला.

"अहो, तिथे दक्षिणेला ऊन. इथे दक्षिणेकडून अंटार्क्टिकाचा वारा येतो!"

"पुराव्यात दार दक्षिणेला आहे."

"पुराव्याला स्वेटर घाला मग!"

अवशेषांबद्दलचा हा आदर बागेत थांबला असता तर बरं झालं असतं. तो घरात आला होता. कान तुटलेला कप, एक काडी नसलेली छत्री, हँडल निखळलेलं कपाट. काहीही दुरुस्त करायचं म्हटलं की काका त्या वस्तूसमोर उभे राहून हळुवारपणे म्हणत, "स्थिती स्थिर आहे. राहू दे." माझ्या खिडकीला फट होती. तिच्यासाठी मी भाडेकरूंच्या हक्कांवर एक पत्रक लिहून फ्रिजला चिकटवलं होतं. काकांनी ते वाचलं, "मुद्दा क्रमांक तीन जोरदार आहे" म्हणाले आणि फटीला हात लावला नाही.

टेहळणी बुरूज एकटा निरुपयोगी असतो, हा त्यांचा आवडता सिद्धान्त. त्याला दुसरा बुरूज दिसला पाहिजे, खुणेला खूण मिळाली पाहिजे. म्हणून त्यांनी दरीपलीकडचा शेजारी पटवला. तो निवृत्त बसड्रायव्हर, गोरा, एकटा, घराच्या लाकडी डेकवर बसून रेडिओ ऐकणारा. रोज संध्याकाळी काका बुरुजात उभे राहून लाल टॉवेल वर करायचे आणि पलीकडून तो चहाचा मग वर करायचा. अर्थ: कोणी आलेलं नाही. काका त्याला सुपरमार्केटात भेटले की दोघं गंभीरपणे आढावा घेत.

"काल काही?"

"नथिंग, मेट. स्वीट ॲज." म्हणजे इथल्या बोलीत सगळं आलबेल.

एकदा काकांच्या मनात आलं की धुक्यात टॉवेल दिसणार नाही, तेव्हा धुराची सोय हवी. त्यांनी जुन्या डब्यात ओलं गवत पेटवलं. धूर वर जाण्याऐवजी वाऱ्याने आडवा झाला आणि थेट दुकानांच्या दिशेने गेला. पलीकडचा शेजारी मग वर करून बसलेला, आणि रस्त्यावर फायर ब्रिगेडची गाडी.

गाडीतून उतरलेली प्रमुख बाई माओरी होती, उंच, हसऱ्या डोळ्यांची. "किया ओरा, सर," तिने माओरीत नमस्कार केला. "आग कुठे आहे?"

"दारातून या," काका म्हणाले.

आणि ते सगळे हेल्मेटसकट, होजसकट, एका रांगेत, नसलेल्या तुळईखाली वाकून आत आले. बाईंनी डबा विझवला. मग कमरेवर हात ठेवून भोवतालच्या गुडघाभर भिंती पाहिल्या, ढासळलेला कोपरा पाहिला, आणि हे काय आहे विचारलं. रोमन वॉचटॉवर, काका म्हणाले. बाईंनी पुन्हा एकदा सगळीकडे नजर फिरवली.

"सॉरी, मेट," ती म्हणाली. "आम्हाला पोचायला जरा उशीर झाला वाटतं."

काकूंनी त्यांना चिवडा दिला. काका मात्र कित्येक महिने हा प्रसंग, एखाद्याने पदवीदान समारंभ सांगावा तसा सांगत होते. 'तिला कळलं,' एवढंच त्यांचं म्हणणं.

सगळ्यांना कळत नव्हतं. त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

त्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीला हॉलचं छप्पर गळायला लागलं, म्हणून मुलांची किल्ले-स्पर्धा काकूंनी आपल्या बागेत घ्या असं सांगितलं. इथे दिवाळी वसंतात येते; वारा जोरात होता. मावळे उडत होते, मुलं त्यांना ब्लू-टॅकने चिकटवत होती. अळीव उगवलेले सुरेख किल्ले मांडले गेले आणि मधोमध काकांचा बुरूज. एका मुलीने तो पाहून काकांना विचारलं, "व्हेअर्स द रेस्ट ऑफ इट?" काका आनंदाने जवळजवळ रडायला आले. "एक्झॅक्टली!" म्हणाले.

तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष आले. ते हाडांचे डॉक्टर. मनाने लोण्यासारखे, पण मोडलेलं काही दिसलं की त्यांचे हात शिवशिवायला लागतात.

"काका! ही काय अवस्था?"

"स्थिर आहे," काका म्हणाले.

"स्थिर काय? कोपरा पूर्ण गेलाय! किती दिवस झाले याला?"

"दोन उन्हाळे लागले," काका अभिमानाने म्हणाले. भिंती त्यांनी एका उन्हाळ्यात बांधल्या होत्या. पडझड जमायला दोन लागले होते.

"दोन उन्हाळे तुम्ही नुसते बघत बसलात? अहो, एक फोन करायचा! आता काही बोलू नका. आपण याचा जीर्णोद्धार करू."

आपल्या माणसांच्या घोळक्यात हा शब्द कधी उच्चारू नये. त्याने माणसं उभ्या उभ्या समिती होतात. अनारशांची बशी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत सचिव, खजिनदार, सल्लागार आणि सजावटप्रमुख ठरले होते. दोन मजले, वर सज्जा, त्यावर भगवा झेंडा, सज्ज्याला दिव्यांच्या माळा.

"पण हा रोमन आहे ना?" खजिनदारांनी शंका काढली.

"टेहळणी ती टेहळणी," डॉक्टर म्हणाले. "प्रत्येक कुटुंबाने एक वीट आणायची. आपलं नाव घालून."

"पहिली वीट माझी," काकू म्हणाल्या.

काकांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"बघताय काय? घरात एक वस्तू धड नाही. निदान बाहेर तरी काहीतरी पूर्ण होऊ दे!"

मी तावातावाने पुढे झाले, तर काकांनी माझी बाही धरली. मागे त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं तेव्हा याच लोकांनी आळीपाळीने डबे आणले होते. डॉक्टर तर स्वतः पालेभाजी निवडून आणायचे. डबा आणणाऱ्याला नाही कसं म्हणायचं, हे आपल्याकडे कोणी कोणाला शिकवलेलं नाही.

त्या आठवड्यात काका बुरुजात चहाला बसले नाहीत. संध्याकाळी टॉवेल अर्धाच वर जायचा. पलीकडचा शेजारी गाडी काढून विचारायला आला, कोणी आलंय का.

"येणार आहेत," काका म्हणाले. "रविवारी."

मला म्हणाले, "पत्रकवाली, वरती बांधलं की तो माझा अंदाज होईल बघ. आणि मग खाली जे खरं आहे तेही कोणाला खरं वाटणार नाही."

मी रात्रपाळी नसलेल्या प्रत्येक क्रांतिकारकाप्रमाणे ताबडतोब लिहायला बसले. 'बुरूज वाचवा, बांधणाऱ्यांपासून!' असं शीर्षक. ज्याला भूतकाळ पूर्ण करून हवा असतो त्याला भूतकाळ नको असतो, त्याच्यासमोर स्वतःचा फोटो हवा असतो, असं मी लिहिलं, आणि आजही त्यातला शब्द मागे घेणार नाही. पडक्या भिंतीवर आपलं नाव कोरणाऱ्यांना मी थेट प्रश्न विचारले होते. पत्रक मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. दहा मिनिटांत डॉक्टरांचा फोन.

"अगं, काय तेजस्वी भाषा आहे तुझी! डोळ्यांत पाणी आलं. स्मरणिकेत पान राखून ठेवलंय. 'जीर्णोद्धारामागची भूमिका' म्हणून छापू."

"डॉक्टर, ते तुमच्या विरुद्ध आहे!"

"असू दे, असू दे. लिहीत राहा."

रविवारी समिती आली. लाकडी पॅलेट, प्लायवूडच्या फळ्या, सिमेंट, आणि प्रत्येक कुटुंबाच्या हातात रंगवलेल्या नावाची वीट. काका दारापाशी उभे. चेहरा पडलेला, पण पाहुण्यांना म्हणाले तेच, जे सगळ्यांना म्हणत.

"या. दारातून या."

डॉक्टर आणि खजिनदार प्लायवूडची भली मोठी फळी घेऊन दारापाशी आले. फळी दारातून जाईना. त्यांनी ती आडवी केली, उभी केली, तिरकी केली.

"थोडी डावीकडे घ्या," सचिव म्हणाल्या.

"घेतोय, पण भिंत लागतेय."

दोन्ही बाजूंना गुडघाभर भिंत, वर अख्खं आकाश, आणि उत्तम शिकलेली सहा माणसं घाम गाळत एक फळी दारातून बसवत होती. शेवटी खजिनदार म्हणाले, "वरून देऊ या का?"

"वर छप्पर आहे," काका म्हणाले.

"कुठाय?"

"ते माहीत नाही."

डॉक्टरांनी फळी खाली ठेवली. कपाळ पुसलं. आणि पहिल्यांदाच त्यांनी काकांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, पेशंटकडे बघतात तसं.

"काका, दुखतंय का कुठे?"

काकांनी मान हलवली. होय म्हणून.

"कुठे?"

काकांनी भिंतीच्या वरच्या रिकाम्या हवेत हात फिरवला.

वाऱ्याने सिमेंटच्या पिशवीचा कागद फडफडत होता. डॉक्टरांच्या हातात त्यांच्या घराची वीट होती, नाव सोनेरी रंगात, मुलीने काढलेली फुलं. ती घेऊन परत जायचं म्हणजे काय, हे प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होतं.

"मग ही कुठे ठेवू?" डॉक्टरांनी विचारलं. "तुम्ही सांगा."

काकांनी एकेका विटेकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "ठेवा. पण पडलेली."

"म्हणजे?"

"उभं करायचं ते पुरावा असेल तेवढंच. पडलेल्याला पुरावा लागत नाही. त्या कोपऱ्यापाशी कितीही पडू द्या."

"म्हणजे फेकायच्या?" खजिनदारांनी आशेने विचारलं.

"छे! फेकलेलं आणि पडलेलं यात फरक असतो."

आणि मग त्या दुपारी जॉन्सनव्हिलमध्ये, माझ्या माहितीप्रमाणे जगात प्रथमच, एका जीर्णोद्धार समितीने पडझड करायला घेतली. ते दिसतं तितकं सोपं नसतं. काका परीक्षकासारखे मागे हात बांधून फिरत होते.

"डॉक्टर, ही पडलेली नाही. झोपलेली आहे."

"आता?"

"आता पांघरूण घातल्यासारखी दिसतेय. तुम्ही फार सरळ करता हो."

"सवय आहे," डॉक्टर कसनुसं हसले.

"वहिनी, तुमची जरा नाटकी वाटते," खजिनदार सचिवबाईंना म्हणाले.

"तुमची बघा आधी! पडलेली वीट अशी सावरून बसते होय?"

काकांचा दुसरा नियम असा की नाव अर्धंच दिसलं पाहिजे. अख्खं नाव दिसलं की ती पाटी होते. यावर घराघरांत भांडणं लागली. आडनाव दिसू द्यायचं की पाळण्यातलं? एका नवऱ्याने बायकोचं नाव मातीत दाबलं आणि ती त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही. मी माझ्या पत्रकातला नाव कोरणाऱ्यांवरचा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा सगळ्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या आणि पुन्हा विटा तिरक्या करायला बसले.

काकूंची वीट राहिली होती.

त्या एवढा वेळ स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होत्या. बाहेर डेकवर आल्या तेव्हा हातात पहिली वीट, हळदकुंकू लावलेली. समोर पाहिलं तर दोन मजले नाहीत, सज्जा नाही, झेंडा नाही. शिकलीसवरली माणसं गुडघ्यावर बसून विटा वाकड्या करतायत आणि मधोमध आपला नवरा, कित्येक दिवसांनी हसतोय.

"झालं? यांनाही लावलं का नादाला?" काकू म्हणाल्या. "मोडका कप, मोडकी छत्री, मोडकी खुर्ची! आता माणसं बोलावून मोडतोड! घ्या!"

आणि त्यांनी वीट भिरकावली.

ती डेकवरून बागेवर, भिंतीवरून, डॉक्टरांच्या डोक्यावरून गेली. कोपऱ्याच्या दगडावर आपटली, दोन तुकडे झाले. एक जागीच कलला. दुसरा घरंगळत गेला, एका दगडाला टेकला आणि थांबला.

काकू स्वतःच दचकल्या होत्या.

काका त्या तुकड्यांपाशी गेले. गुडघे टेकून बसले. एका बाजूने पाहिलं, मग दुसऱ्या. चष्मा काढून पाहिलं. सचिवबाई तुकडा उचलायला वाकल्या तर त्यांनी हात आडवा केला.

"कोणी हात लावू नका," ते म्हणाले. "मला दोन उन्हाळ्यांत असं एकदाही जमलं नाही."

मग त्यांनी डेककडे वर पाहिलं. लग्नाआधी मिरजेला त्यांनी काकूंना पहिल्यांदा पाहिलं असेल तेव्हा ते असेच दिसले असतील, अशी माझी खात्री आहे.

"अजून एखादी टाकाल का हो?"

काकूंनी पदराला हात पुसले. आत मात्र गेल्या नाहीत.

डॉक्टरांनी आपली झोपलेली वीट मातीतून उचलली, शर्टाच्या बाहीने पुसली आणि पायऱ्या चढून काकूंच्या हातात नेऊन दिली.